हेतू : इतर

त्या ऑगस्टमध्ये टल्सा शहराने मला कामाला ठेवलं,
सहा दिवस, माणसं मोजायला.
एक घडीची खुर्ची, एक नारिंगी जाकीट
आणि मुठीत मावेल असं यंत्र.
अंगठा दाबला की एक माणूस.

रस्ता नवा होता. विटांचा फुटपाथ एवढा ऐसपैस
की दोन बाबागाड्यांनी शेजारी शेजारी गप्पा मारत जावं.
झाडं कोवळी, अजून काठीला बांधलेली.
प्रत्येक बाकाच्या मधोमध एक लोखंडी हात:
टेकता येईल, आडवं होता येणार नाही.
शहराला एवढंच हवं होतं, लोक चालतात का?

चालत होते.
कुत्रे घेऊन, कॉफी घेऊन,
मनगटावरच्या घड्याळाला पावलांचा हिशेब देत.

आणि व्हर्लीन.
डाव्या पायात पुरुषी बूट, उजव्यात टेपने आवळलेली सपाता.
ढकलगाडीचं एक चाक वायरीने बांधलेलं,
दर विटेला टक् करणारं.
मी अंगठा दाबला.
वीस मिनिटांनी ती परत आली.
पुन्हा दाबला. नियमच तसा होता,
चेहरे नाहीत, फेऱ्या मोजायच्या.

तिसऱ्या दिवशी तिने, माझ्याकडे न बघता,
चाक नीट करत सांगितलं:
निवारा सहाला बाहेर काढतो.
नाश्ता आठला, नदीपलीकडच्या चर्चमध्ये.
मध्ये सहा पदरी रस्ता, कडेला फुटपाथ नाही,
गवतात एक पायवाट, एका माणसापुरती.
"ती आम्ही पाडली. टेंडर नव्हतं."
सिग्नल अकरा सेकंदांचा.
"माझ्या गुडघ्यांना सोळा लागतात.
वरची पाच हॉर्न खात काढते.
एल्रॉयला तेवढीच पाच कमी पडली, मागच्या थंडीत."

मग विटांकडे बघून म्हणाली,
"इथं बरंय. सपाट आहे. सावली येईल कधीतरी.
फक्त थांबायचं नाही."

तोवर सायकलवरचा पिवळ्या शर्टातला पोरगा आलाच.
अगदी अदबीने, टोपीला हात लावून:
मॅम, पुढे चला.

टक्. टक्. टक्.
मी अंगठा दाबला.

फॉर्मवर एक रकाना होता, चालण्याचा हेतू.
काम, खरेदी, व्यायाम, फेरफटका, इतर.
पहिल्या दिवशी मी तिच्यापुढे 'व्यायाम' लिहिलं होतं.
ते खोडून काढलं तेव्हा
कागद त्या जागी पातळ झाला.

सहाव्या दिवशी, उन्हाने विटा गरम तव्यासारख्या झालेल्या,
तिने विचारलं, "माझे किती झाले?"
मी पानं उलटली. एकशे बारा.
ती हसली, हिरड्या दिसेपर्यंत.
"अख्खं गावच की मी!
मग एकशे बारा जणींमधली एक
जरा बसली तर चालेल?"

चालेल.
काय शब्द आहे हा आपला,
बसण्याची परवानगीसुद्धा चालण्यातच द्यायची.

मी उठलो. जाकीट तिच्या खांद्यावर टाकलं.
नारिंगी रंगात बसलेल्या माणसाला काम असतं.
पिवळा शर्ट वळणावरून आला, जाकीट पाहिलं,
टोपीला हात लावला, गेला.

तिची गाडी ढकलत एक फेरी मी मारून आलो.
गाडी डावीकडे ओढते, सतत,
मनगट धरून सरळ ठेवावी लागते.
कॉफीवाल्यांनी रस्ता बदलला.
एका बाईने बाबागाडी स्वतःच्या पलीकडल्या अंगाला घेतली.

परतलो तर ती बसल्या बसल्या झोपलेली,
तोंड किंचित उघडं, यंत्र मांडीवर.
समोरून माणसं जात होती,
न मोजलेली, धडधाकट, पुष्कळ.
मी तिला उठवलं नाही.

त्या दुपारी दोन ते साडेचारचा आकडा शून्य आहे.
खाली बारीक अक्षरात तळटीप आहे, माझीच:
यंत्रात बिघाड.